हवेची धार

१ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एक छोटेखानी समारंभ झाला. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण अध्यक्षस्थानी होते. त्या दिवशी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) अस्तित्वात आलं आणि वागळे इस्टेटची पाणीपुरवठा योजना नव्या महामंडळाच्या ताब्यात देण्यात आली. त्याआधी ऑक्टोबर १९६० मध्ये औद्योगिक विकास मंडळ नेमलं गेलं होतं आणि त्याची सूत्रं स. गो. बर्वे यांच्याकडे होती. विचार सरळ होता. जमीन, रस्ता, पाणी आणि वीज सरकारने उभी करून द्यायची, उद्योजकाने आपलं यंत्र आणि आपली माणसं घेऊन यायचं. साठच्या दशकातच ठाणे-बेलापूर रस्ता, अंबरनाथ, डोंबिवली अशी ही साखळी पुढे सरकत गेली आणि मध्य रेल्वेच्या दोन्ही अंगांना कारखान्यांची वस्ती झाली.

या चार गोष्टींत वायू नव्हता. तो कुणाला सुचण्याचं कारणही नव्हतं. पण पत्रा आणि प्लेट कापणाऱ्याला पाण्याइतकीच वायूची गरज असते, आणि तो त्याला पुढची साठ वर्षं बाहेरून विकत आणावा लागला. वागळे इस्टेटच्या गाळ्यांपासून डोंबिवलीच्या फेज दोनपर्यंत धातू कापण्याच्या धंद्याचा इतिहास मला या वायूच्या अंगाने सांगायचा आहे. यंत्रांचे फोटो निघतात, त्यांची उद्घाटनं होतात. वायू मात्र टेम्पोतून येतो, पाठीमागच्या दाराशी उतरतो आणि रिकामा होऊन जातो. तरीही कुठला गाळा चालेल आणि कुठला बसेल, हे अनेकदा त्यानेच ठरवलं आहे.

सुरुवात ऑक्सिजनपासून. 'इंडियन ऑक्सिजन' ही कंपनी १९३५ पासून कलकत्त्याहून धंदा करत होती. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनच्या ज्योतीने लोखंड कापण्याची विद्या गोदी, रेल्वे वर्कशॉप आणि गिरण्यांमधून मुंबईत मुरली होती, तीच ठाण्यात आली. यात ज्योतीचं काम फक्त तापवण्याचं. लोखंड लालभडक झालं की शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडायचा, मग लोखंड स्वतःच जळतं आणि जळालेला गाळ झोताबरोबर खाली पडतो. म्हणजे लोखंड कापणारा खरा गडी ऑक्सिजन. त्याची शुद्धताही नाजूक बाब. वेल्डिंगच्या क्षेत्रातला जुना ठोकताळा असा, की शुद्धता एका टक्क्याने घसरली तर कापण्याचा वेग सुमारे पाव हिश्श्याने उतरतो. कटिंगवाल्याला टक्केवारी ठाऊक नसायची, पण 'आजचा गॅस हलका आहे' हे तो पहिल्या दोन इंचांत सांगायचा.

आजूबाजूला कळव्याला सीमेन्स आणि मुकंद, पोखरण रस्त्याला व्होल्टास, कांजुरमार्गला क्रॉम्प्टन, पवईला लार्सन अँड टुब्रो. या मोठ्यांना पॅनेलची खोकी, ब्रॅकेट, कव्हर, फ्लँज लागायचे आणि ते पुरवणारे लहान कारखाने वागळे इस्टेटमध्ये दाटीने उभे राहिले. पातळ पत्र्याला शिअरिंग मशीन आणि पॉवर प्रेस, जाड प्लेटला गॅस कटिंग. मधल्या जाडीचा, नक्षीदार आकाराचा भाग असेल तर डाय करावी लागे, आणि डाय म्हणजे वेळ आणि पैसा. या मधल्या जागेत पुढे लेसर शिरला.

त्या लेसरची एक मुळी महाराष्ट्रातच आहे. थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी अमेरिकेत माणकाचा पहिला लेसर पेटवला, पण पत्रा कापण्याची ताकद त्यात नव्हती. ती आणली सी. कुमार पटेल यांनी. पटेल यांचा जन्म १९३८ चा, बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी, स्टॅनफर्डला डॉक्टरेट आणि तिथून बेल लॅबोरेटरीज. १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसरचं काम प्रसिद्ध केलं. निव्वळ कार्बन डायऑक्साइडपासून मिळणारा प्रकाश अगदी क्षीण होता. पटेल यांनी त्यात नायट्रोजन मिसळला. विजेच्या झटक्याने नायट्रोजनचे रेणू थरथरू लागतात आणि आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंना जवळजवळ जशीच्या तशी देऊन टाकतात. त्या एका मिश्रणाने लेसरची शक्ती कित्येक पटींनी वाढली. महामंडळाची स्थापना आणि बारामतीच्या या मुलाचं संशोधन यांत दोन वर्षांचंच अंतर आहे, आणि त्यांची गाठ पडायला मात्र तीन दशकं जावी लागली.

कापण्याची पुढची पायरी इंग्लंडमध्ये घडली, आणि माझ्या मते या साऱ्या कथेतला निर्णायक क्षण तोच आहे. मे १९६७ मध्ये केंब्रिजजवळच्या ब्रिटिश वेल्डिंग रिसर्च असोसिएशनमध्ये पीटर हौल्डक्रॉफ्ट यांनी तीनशे वॅटचा कार्बन डायऑक्साइड लेसर भिंगातून एका बिंदूवर आणला आणि त्याच नोझलमधून ऑक्सिजनचा झोत सोडला. एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापला गेला. तीनशे वॅट म्हणजे आजच्या हिशेबाने काहीच नाही. एवढ्या प्रकाशाने पत्रा वितळून सरळ चीर पडणं कठीण होतं. हौल्डक्रॉफ्ट वेल्डिंगमधले जाणकार असल्यामुळे त्यांना ऑक्सिजनचा गुण माहीत होता. ज्योतीची जागा प्रकाशाने घेतली, पण लोखंड जाळण्याचं काम जुन्या गड्याकडेच राहिलं. लेसर अशक्त होता म्हणून ऑक्सिजन आवश्यक ठरला. पुढे लेसर सशक्त झाला तरी सवय मोडायला पन्नास वर्षं लागली.

१९७९ मध्ये जर्मनीच्या ट्रुम्फ कंपनीने पंचिंग आणि लेसर एकत्र असलेलं यंत्र बाजारात आणलं. आपल्याकडे इंदूरला प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी १९८४ मध्ये झाली आणि दिलीप भवाळकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे शक्तिशाली कार्बन डायऑक्साइड लेसर देशातच बनू लागले. कारखान्यांत मात्र जी यंत्रं दिसू लागली ती मुख्यतः १९९१ नंतर, आयातीचे दरवाजे उघडल्यावरची. त्या यंत्रांची किंमत लहान कारखानदाराच्या आवाक्यापलीकडची. शिवाय आरसे, भिंगं, थंड पाण्याचा चिलर आणि सिलिंडरांची नवी रांग. कापायला ऑक्सिजन किंवा नायट्रोजन लागेच, पण प्रकाश निर्माण करायलाही हेलियम, नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडचं अतिशुद्ध मिश्रण लागायचं. वायूवरचं अवलंबित्व लेसरने कमी केलं नाही, उलट दुप्पट केलं.

स्टेनलेस स्टीलने त्यात भर घातली. स्टेनलेस ऑक्सिजनने कापलं तर कड काळी पडते, क्रोमियमचं ऑक्साइड चिकटून बसतं. म्हणून तिथे नायट्रोजन. तो जाळत नाही. प्रकाशाने वितळवलेला धातू बारा-पंधरा बारच्या दाबाने नुसता ढकलून देतो आणि कड चांदीसारखी चकचकीत निघते. पण ढकलण्याच्या कामाला वायू किती लागतो हे पाहा. दोन मिलिमीटर व्यासाच्या नोझलमधून १४ बारने नायट्रोजन सोडला तर तासाला तीसहून अधिक घनमीटर वाहून जातो. बाजारातला जंबो सिलिंडर साधारण सात घनमीटरचा. म्हणजे सलग कापत राहिलं तर एक जंबो पाव तासही पुरत नाही. मग अनेक सिलिंडर एकत्र जोडणारा मॅनिफोल्ड लावा, द्रवरूप नायट्रोजनचे ड्युरा सिलिंडर मागवा किंवा टाकी बसवा. टाकीला जागा हवी, परवाने हवेत आणि ठरलेला खप हवा. चाळीस फुटी गाळ्यात हे सगळं बसवायचं कुठे?

आणि त्याच गाळ्याच्या कोपऱ्यात हवेचा कॉम्प्रेसर रोज धडधडत होता.

हवा दाबण्याच्या धंद्यात महाराष्ट्र मुळीच मागे नव्हता. पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ मध्ये निघाली, ॲटलस कॉप्कोही पुण्यातच आली आणि ठाण्याच्या वेशीवर मुलुंडला कन्सॉलिडेटेड न्यूमॅटिकचा कारखाना होता. ग्राइंडर, स्प्रे गन, प्रेसचा क्लच यांना सात-आठ बारची हवा लागायची आणि ती प्रत्येक गाळ्यात होती. साठच्या दशकात हवेवर चालणारं प्लाझ्मा कटिंगही आलं. त्यात हवेतला ऑक्सिजन सोसावा म्हणून इलेक्ट्रोडच्या टोकाला हॅफ्नियमची बारीक टिकली बसवलेली असते. लाइनमधून पाणी आलं की ही टिकली बघता बघता जाते, हे आपल्याकडच्या प्लाझ्मावाल्यांनी हात पोळून शिकून घेतलं होतं. ॲक्रिलिक आणि एमडीएफ कापणाऱ्या छोट्या लेसर यंत्रांतही, नावाच्या पाट्या आणि ट्रॉफ्या करणाऱ्यांकडे, एक लहानसा हवेचा पंप असायचाच. धूर भिंगापासून दूर ठेवणं आणि जाळ पेटू न देणं एवढंच त्याचं काम.

तेव्हा हवेने कापता येतं ही कल्पना नवी नव्हती. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. ढकलणारा आणि जाळणारा दोघेही एकत्र, तेही फुकट. तरीही ती सगळ्यांत शेवटी आली. मला याची दोन कारणं दिसतात. एक म्हणजे प्रकाश पुरेसा जोरकस नव्हता. दुसरं म्हणजे हवा फुकट असली तरी कोरडी, स्वच्छ आणि सोळा बारची हवा फुकट नसते.

पहिलं कारण फायबर लेसरने दूर केलं. व्हॅलेंटिन गापोन्त्सेव्ह यांनी १९९० मध्ये मॉस्कोजवळच्या फ्र्याझिनो गावात आयपीजी ही कंपनी काढली आणि पुढे तिचं बस्तान अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये बसवलं. काचेच्या बारीक तंतूतच प्रकाश निर्माण करायचा आणि तंतूतूनच तो कटिंग हेडपर्यंत न्यायचा. आरसे गेले, हेलियमचं मिश्रण गेलं, विजेचं प्रकाशात रूपांतर दहा टक्क्यांच्या आसपास होतं ते तीसवर पोचलं. या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे १.०७ मायक्रॉन, कार्बन डायऑक्साइड लेसरच्या दशांश, म्हणून तो अधिक बारीक बिंदूत गोळा होतो आणि धातू तो अधिक शोषतो. २००७ मध्ये चीनच्या वुहानमध्ये रेकस सुरू झाली, पाठोपाठ आणखी कंपन्या आल्या आणि गेल्या दशकात किमती अशा उतरल्या, की वागळे इस्टेट, डोंबिवली, अंबरनाथ, भिवंडीच्या जॉबवर्कवाल्यांनी कर्ज काढून फायबर मशीन घेतली. पूर्वी ज्याने आयुष्य शिअरिंगवर काढलं त्याच्या मुलाने एका पत्र्यात जास्तीत जास्त भाग बसवणारं नेस्टिंगचं सॉफ्टवेअर शिकून घेतलं.

यंत्र स्वस्त झालं तेव्हा गॅसचं बिल डोळ्यांत खुपू लागलं. आणि वॅट वाढले तशी एक गोष्ट ऑपरेटरांच्या लक्षात आली. दहा मिलिमीटरची साध्या पोलादाची (एमएस) प्लेट ऑक्सिजनने कापताना मिनिटाला दोन मीटरच्या आसपास वेग मिळतो, मग लेसर सहा किलोवॅटचा असो की बारा. कारण तिथे वेग ठरवतं लोखंडाचं जळणं, आणि जळण्याची गती प्रकाश वाढवला म्हणून फारशी वाढत नाही. जास्त रेटलं तर कड फाटते. नायट्रोजन किंवा हवा वापरली तर असं बंधन नाही. जेवढी शक्ती तेवढं वितळणं, जेवढा दाब तेवढं ढकलणं. बारा किलोवॅटला तीच प्लेट हवेने दुपटीहून अधिक वेगाने सुटते. वर हवेतल्या एक पंचमांश ऑक्सिजनची थोडी उष्णता फुकट मिळते. १९६७ मध्ये लेसरच्या अशक्तपणामुळे जो ऑक्सिजन अपरिहार्य ठरला होता, तो आता पातळ आणि मध्यम जाडीला अडथळा झाला.

दुसरं कारण अधिक चिवट होतं, आणि ते आपल्या भागाच्या हवेतच होतं.

ठाणे-कल्याणचा जुलै महिना डोळ्यांपुढे आणा. तीस अंशांच्या हवेत एका घनमीटरला जास्तीत जास्त तीस ग्रॅम पाणी वाफ होऊन राहू शकतं. आर्द्रता नव्वद टक्के असेल तर सत्तावीस ग्रॅम. लेसरला हवा देणारा पंधरा किलोवॅटचा कॉम्प्रेसर मिनिटाला सुमारे सव्वा घनमीटर हवा ओढतो. हिशेब केला तर ताशी दोन लिटर पाणी. आठ तासांच्या पाळीत सोळा लिटर, हवेबरोबर यंत्राच्या पोटात. हवा दाबली की ती तापते, थंड केली की वाफेचं पाणी होतं. हे पाणी कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून दुधासारखं पांढरट होतं आणि ते लाइनमध्ये गेलं तर थेट कटिंग हेडमध्ये, भिंगाखालच्या संरक्षक काचेवर पोचतं. त्या काचेतून हजारो वॅटचा प्रकाश जात असतो. तेलाचा एक अदृश्य थेंब बसला की तिथे प्रकाश शोषला जातो, काच तापते, टिकली एवढा डाग पडतो आणि काच जाते. काच फुटून डाग वरच्या भिंगावर गेला तर खर्च हजारांतून लाखांत.

म्हणूनच हवेने कटिंग करण्याचा खरा शोध कटिंग हेडमध्ये लागलेला नाही, तो ड्रायर आणि फिल्टरमध्ये लागला आहे. हे वाक्य मी जबाबदारीने लिहितो. सोळा बारचा स्क्रू कॉम्प्रेसर, त्यामागे टाकी, रेफ्रिजरेशन ड्रायर, पाठोपाठ तेल आणि धूळ अडवणारे तीन-चार फिल्टर, शेवटी कोळशाचा थर, असा एकसंध संच मिळू लागला तेव्हा हवा विश्वासाची झाली. दवबिंदू तीन अंशांवर आणणारा ड्रायर त्या ताशी दोन लिटरांतले पंचवीस-तीस ग्रॅमच पुढे जाऊ देतो. तेवढंही नको असेल तर शोषक दाण्यांचा ड्रायर लावतात. ऑटो ड्रेनचा व्हॉल्व्ह तुंबला तर मात्र ही सगळी साखळी व्यर्थ. पावसाळ्यात शहाणा ऑपरेटर पाळी सुरू होताच टाकीखालचा कॉक उघडून पाहतो, मगच मशीनला हात लावतो.

डोंबिवलीत पाण्याखेरीज आणखी एक शत्रू आहे. जानेवारी २०१४ मध्ये तिथे हिरवट पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या, फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्री पाहणीला आले. रसायनांचे कारखाने आणि इंजिनीअरिंगचे गाळे शेजारी-शेजारी आहेत. कॉम्प्रेसर भोवतीची हवा ओढतो, ती निवडून घेत नाही. आम्ल किंवा सॉल्व्हंटची वाफ असेल तर फिल्टरचा कोळसा लवकर संपतो, पितळी आणि तांब्याचे भाग काळे पडतात. कॉम्प्रेसरचं तोंड कुठल्या भिंतीकडे ठेवायचं हा डोंबिवलीत साधा प्रश्न नाही. आणि भिंग जपायला इतके फिल्टर लागतात, त्या हवेत आठ तास उभा राहणारा माणूस ती फिल्टरविना घेतो, हेही इथे नोंदलं पाहिजे.

मग कोविडच्या साथीतला २०२१ चा एप्रिल आला.

त्या महिन्याबद्दल लिहिताना हात आजही जड होतो. ३० मार्चला राज्य सरकारने ऑक्सिजन उत्पादनातला ८० टक्के हिस्सा वैद्यकीय वापरासाठी राखून ठेवला. 'ब्रेक द चेन'च्या आदेशाने १० एप्रिलपासून ऑक्सिजन वापरणाऱ्या उद्योगांना विशेष परवानगीशिवाय काम करण्यास मनाई झाली. केंद्राने २२ एप्रिलपासून नऊ प्रकारचे उद्योग वगळता बाकी सगळ्यांचा पुरवठा बंद केला आणि २५ एप्रिलला द्रवरूप ऑक्सिजन केवळ वैद्यकीय कामासाठीच, असा आदेश निघाला. त्याच दिवसांत ठाण्यात ऑक्सिजन अपुरा पडतो म्हणून पार्किंग प्लाझातल्या कोविड रुग्णालयातून रुग्ण ग्लोबल रुग्णालयात हलवावे लागले. २१ तारखेला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती झाली आणि वीसहून अधिक माणसं गेली.

१९ एप्रिलच्या संध्याकाळी कळंबोलीहून देशातली पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस निघाली होती. सपाट वाघिणींवर सात रिकामे टँकर, मुक्काम विशाखापट्टणम. टँकरांची उंची जास्त, मुंबई विभागातल्या घाटांमधून असा माल न्यायला परवानगी नाही, म्हणून जवळचा कल्याण-कसारा मार्ग सोडून गाडी वसईमार्गे वळवली. निळजे, कोपर, भिवंडी हा तिचा रस्ता, म्हणजे डोंबिवलीच्या अगदी कुशीतून. भरलेले टँकर २३ एप्रिलला नागपूरला आणि २४ ला नाशिकला पोचले.

त्या काळात जॉबवर्कवाल्यांनी सिलिंडर परत केले. नियमाने करावेच लागले, पण नियम नसता तरी लोखंड जाळायला प्राणवायू वापरण्याचं कुणाच्या मनात आलं नसतं. ज्यांचं सगळं काम ऑक्सिजनवर होतं त्यांची मशीन थांबली. ज्यांच्याकडे सोळा बारचा कॉम्प्रेसर आणि चांगला ड्रायर होता त्यांना परवानगीतलं काम करता आलं, आणि त्या दिवसांत काम होतं तेही रुग्णालयांचंच. खाटांचे भाग, सलाईनचे स्टँड, सिलिंडरच्या ट्रॉल्या, पॅनेलची खोकी. हा पत्रा बहुतेक एक ते तीन मिलिमीटरचा, हवेला सहज सुटणारा.

याच महिन्यात ठाण्याच्या शेजारी पवईला जे घडलं ते या कथेचं जवळचं नातं उलगडतं. लेसर कटिंगच्या अनेक कारखान्यांत नायट्रोजन जनरेटर असतो. दाबलेली कोरडी हवा कार्बनच्या सच्छिद्र दाण्यांतून जाते, दाणे ऑक्सिजन धरून ठेवतात आणि नायट्रोजन पुढे जातो. आयआयटी मुंबईत प्राध्यापक मिलिंद अत्रे यांच्या नेतृत्वाखाली असाच एक संच घेऊन कार्बनच्या दाण्यांच्या जागी झिओलाइट भरलं गेलं. झिओलाइट उलट वागतं, नायट्रोजन धरतं आणि ऑक्सिजन सोडतं. टाटा कन्सल्टिंग इंजिनीअर्स आणि स्पॅनटेक यांच्या साथीने केलेल्या या प्रयोगात साडेतीन वातावरण दाबाला ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळाला. देशभर पडून असलेले नायट्रोजनचे संच रुग्णालयांच्या कामी लावण्याची वाट त्यातून खुली झाली. कॉम्प्रेसर तोच, ड्रायर तोच, फिल्टर तेच. पत्र्याला नायट्रोजन देणाऱ्या आणि माणसाला श्वास देणाऱ्या यंत्रांत फक्त एका पिंपातल्या दाण्यांचा फरक होता.

त्या वर्षाने लहान कारखानदाराला एक हिशेब शिकवला. वायू पुरवणारा कितीही भला असला तरी एका आदेशाने त्याचा टेम्पो थांबू शकतो. कॉम्प्रेसर गाळ्यात उभा असतो. त्याला लागते फक्त वीज, पंधरा किलोवॅटला ताशी पंधरा-सोळा युनिट, आणि वेळच्या वेळी बदललेला फिल्टर. गॅसचं बिल विजेच्या बिलात उतरतं. त्यासाठी मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, जुन्या इस्टेटमध्ये केबल बदलावी लागते, हवेच्या टाकीची दाबचाचणी वेळेत करून घ्यावी लागते. पण मॅनिफोल्डवर सिलिंडर बदलताना होणारी ओढाताण संपते, आणि ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला चुकून तेलकट हात लागला तर पेट घेण्याची जी भीती होती तीही कमी होते.

हवेने सगळं सुटतं असं मात्र कुणी सांगू नये. हवेने कापलेल्या एमएसच्या कडेवर करडा-पिवळसर पातळ थर राहतो. तो ऑक्सिजनच्या जाड पापुद्र्यापेक्षा कितीतरी बरा, पण पावडर कोटिंगआधी नीट साफ केला नाही तर कडेवरचा रंग सुटण्याची भीती राहते. खालच्या बाजूला बारीक बर, म्हणजे धातूची खरखरीत कोर, येते, अॅल्युमिनियमला जास्त. फोकस आणि दाब जुळवून ती कमी करता येते, नाहीशी होत नाही, म्हणून हवेवर काम करणाऱ्या बऱ्याच गाळ्यांत शेजारी डीबरिंगचं मशीन उभं राहिलं आहे. स्टेनलेसची कड हवेने पिवळसर, कधी तपकिरी पडते. पॅनेलच्या आतल्या भागाला ते चालतं. औषधनिर्मितीच्या यंत्रांना चालत नाही, कारण तिथे कडेवर वेल्डिंग होणार असतं आणि ते गंजता कामा नये. अंबरनाथ-डोंबिवलीच्या फार्मा मशिनरीवाल्यांचा जॉब आजही नायट्रोजनवरच होतो. काही जण मधला मार्ग काढतात, नायट्रोजनमध्ये दोन-चार टक्के ऑक्सिजन राहू देतात. बर कमी येते आणि कडही फार काळी पडत नाही.

जाड प्लेटला अजून जुना गडीच लागतो. तीन किलोवॅटच्या मशीनवर सोळा-वीस मिलिमीटरची प्लेट आली तर ऑक्सिजन सुरू करायचा, दाब एक बारच्याही खाली ठेवायचा आणि सावकाश चालवायचं. वीस-तीस किलोवॅटच्या मशीनवर ही जाडीही हवेने सुटते, पण त्या मशीनला लागणारी हवा आणि वीज पाहता ती मोठ्या शेडमध्येच परवडतात. वागळे इस्टेटच्या गाळ्यात आज भिंतीवर तीन लाइन दिसतात. ऑक्सिजनचे दोन-चार जंबो जाड प्लेटसाठी, नायट्रोजनचा ड्युरा स्टेनलेससाठी आणि बाकी दिवसभराच्या कामाला कॉम्प्रेसरची हवा. कुठल्या जॉबला कुठला व्हॉल्व्ह उघडायचा हे ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं. दर ठरवताना मालक ते धरतो, आणि पहिला तुकडा टेबलावर पडला की ऑपरेटर त्याच्या कडेवरून बोट फिरवून पक्कं करतो.